कुत्र्याबद्दल मी दिलेला निकाल
दिवाळीत फटाक्यांच्या दारूचा जळका वास आला की मला आमचं तांबडं कुत्रं आठवतं. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि राजूरजवळच्या आमच्या गावात बंदूक एकट्या पाटलाकडं होती. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून परत येताना मी ते पिल्लू टोपलीत घालून आणलं होतं. दोन वर्षं ते अगदी गरीब होतं, मग अचानक माणसांना चावायला लागलं. आधी गुराख्याला चावलं, मग माझ्या दिराला. तिसऱ्यांदा शेजारच्या म्हातारीनं लाडानं त्याची मान खाजवली, तर त्यानं तिचं मनगटच फोडलं. सासरे ओसरीवर बसून मला म्हणाले, "पोरी, कुत्रं तुह्या माहेरचं हाय. ठिवायचं का न्हाई, तूच सांग." माझं लेकरू तिथंच रांगत होतं. मी म्हणाले, "न्हाई ठिवायचं, मामंजी." भाकरी दाखवत मीच त्याला गावाबाहेरच्या बाभळीपर्यंत नेलं आणि ते शेपूट हलवत माझ्यामागं आलं. पाटलानं एकच बार काढला. पुरायच्या आधी सासऱ्यांनी त्याच्या गळ्यातला चामड्याचा पट्टा विळ्यानं कापला. पट्टा मांसात रुतला होता आणि केसांखालच्या जखमेत किडे वळवळत होते. पिल्लू असताना तो पट्टा मीच शिवून घातला होता, पुढं एकदाही सैल केला नव्हता. सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि इतकंच म्हणाले, "माती लोट." आता नातवंडं विचारतात, आजी, आपण कुत्रं का पाळत नाही? मी सांगते, चावतं म्हणून.