हरणटोळाचं बाळंतपण

थोरल्या जाऊबाई गेल्याची तार मुंबईला आली. मी बोटीने श्रीवर्धनला पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. त्यालाही आता महिना होऊन गेला. मी त्यांना वहिनीच म्हणायचे. डोळ्यांपुढे मात्र वहिनी सारख्या पानवेलींशी उभ्या दिसतात...

माझ्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं आणि वहिनींना सातवा लागला होता. आधीची दोन बाळं बारशापर्यंतही राहिली नव्हती, त्यामुळे घरात या विषयावर कुणी मोठ्याने बोलत नसे. भाद्रपदातल्या एका सकाळी आम्ही दोघी वाडीत विड्याची पानं खुडायला गेलो. सुपारीवर चढवलेल्या वेलीत हरणटोळ साप होता, बोटाएवढा बारीक, पानांच्याच रंगाचा. वारा आला की पानांबरोबर तोही डुलत होता. वहिनींनी दाखवेपर्यंत मला तो दिसलाच नाही. आमचा गडी रामा काठी घेऊन धावला. "वयनी, बाजूला व्हा. वरून उडी मारून मानसाची टालू फोडतो ह्यो." मागून सासूबाईही आल्या. दोन जिवांच्या बाईची नजर पडली की साप आंधळा होतो आणि त्याचा तळतळाट पोराला लागतो, असं त्या कळवळून सांगू लागल्या.

वहिनी हलल्या नाहीत. म्हणाल्या, "थांब रामा. ती बाळंत होतेय."

साप अंडी घालतो, एवढंच मला ठाऊक. पण तिच्या शेपटीपाशी एक ओलं, पातळ आवरण आलं, फाटलं आणि आतून काडीसारखं जिवंत पिल्लू निघालं. क्षणभर लोंबकळलं, मग देठाला विळखा घालून आपलं आपण वर चढू लागलं. मग दुसरं, तिसरं... रामाची काठी खाली कधी आली ते त्यालाही कळलं नसावं. सासूबाईंनी नकळत हात जोडले होते. शेवटचं पिल्लू निघाल्यावर आई मागे वळूनही न बघता पानांत नाहीशी झाली.

"एकही पडलं नाही गं," वहिनी हळूच म्हणाल्या. त्यांचा तळवा पोटावर होता.

कार्तिकात मुलगी झाली, आणि जगली. सासूबाई कितीतरी दिवस तिच्या डोळ्यांसमोर निरांजन फिरवून पाहत. दोन बाळं गमावलेली बाई हिला खाली ठेवायची नाही, असं आम्हांला वाटलं होतं. पण पोर धडपडत ओटीच्या पायऱ्या चढू लागली, की वहिनी दोन्ही हात पाठीमागे गच्च धरून उभ्या राहत. बोटं पांढरी पडत, पण हात पुढे येत नसत.

परवा माझा धाकटा पेरूच्या झाडावर चढला. मी खाली श्वास रोखून उभी. तो वरच्या फांदीवर बसून हसला तेव्हा मला कळलं... माझे हात पाठीमागे होते.