ब्रेकवरचा पखवाज

आमच्या व्हॅनचा ब्रेक दाबला की पखवाज वाजायचा. ही सोय गाडी बनवणाऱ्यांनी दिलेली नव्हती. ती मी स्वतःच्या हाताने, अख्खा रविवार घालवून आणि बायकोचे टोमणे खाऊन केली होती.

दादा, म्हणजे माझे वडील, जन्मभर जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये राबले. लोखंडाच्या त्या धडधडाटात त्यांचे कान गेले. कानांचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही ("बरं झालं, तुझ्या मायचं ऐकू येत न्हाई!"), पण पखवाज गेला त्याचं मात्र घेतलं. धावडा आमचं गाव. तिथल्या सप्त्यात कीर्तनाला साथ करायची ती दादांनीच. एका वर्षी त्यांचा ताल चुकला, महाराज गाता गाता थबकले, सगळा मंडप बघायला लागला. दादांनी पखवाज खाली ठेवला तो ठेवलाच. त्यानंतर सप्त्याला जाणंही बंद!

"दादा, किसनतात्याचा निरोप आलाय, सप्त्याला या म्हणून," मी कानाशी ओरडायचो. किसनतात्या म्हणजे त्यांचे जुने टाळकरी.

"जाऊन काय करू? लोकायची नुसती तोंडं हालताना बघू? न्हाई!"

संध्याकाळी ओट्यावर बसले की त्यांची बोटं आपोआप मांडीवर चालायची. कुणी पाहतंय असं वाटलं की लगेच हात बंडीच्या खिशात.

एकदा गल्लीतून वरात चालली होती. डीजेने आमच्या खिडकीच्या काचा थरथरल्या आणि भिंतीला पाठ टेकून बसलेले दादा दचकून म्हणाले, "कोण वाजवून राह्यलं रे?" मी ओरडलो, "युरेका!" (बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासणारा माणूस मी. असे शब्द वापरायची संधी वर्षातून एकदाच मिळते.) दादांना कानाने नाही, पण पाठीने ऐकू येत होतं! मी ठरवलं, व्हॅनमध्ये त्यांच्या सीटमागे बुफर, म्हणजे छाती हादरवणारा मोठा स्पीकर, बसवायचा, भजनाची कॅसेट लावायची आणि त्यांना धावड्याला न्यायचं.

बुफर विकणारा दुकानदार म्हणाला, "भाऊ, सगळा लोड स्विचवर टाकू नका. जळून जाईल. मधात रिले टाका. फिटिंग आम्ही करून देऊ का?"

"बिलकुल नको! मी सायन्सचा आहे."

रिले मला पटकन समजला. आमच्या घरातही रिले आहे. आई माजघरात नुसती खाकरते आणि स्वयंपाकघरात सुनंदा, म्हणजे माझी बायको, चहाचं आधण ठेवते. खाकरणं लहान, काम मोठं! तसंच स्विचने रिलेला खाकरून दाखवायचं आणि रिलेने बुफरला उठवायचं. आता स्विचला जरासा करंट कुठून तरी आणायचा होता. डॅशबोर्डवर जुन्या मालकाने बसवलेला गणपती होता, त्याच्यामागे लाल दिवा. त्याच्या वायरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला! देवाच्या पायापासून करंट घ्यायचा, याहून शुभ काय असणार? दिली स्विचची वायर जोडून.

कॅसेट लावून स्विच दाबला. धूम्! धूम्! शेजारच्यांची भांडी खडखडली.

"अहो, बंद करा! बाळंतीण आहे शेजारी!" सुनंदा ओरडली. मी कृतार्थ होऊन स्विच बंद केला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गल्लीला उतार आहे आणि व्हॅनचा हँडब्रेक नावापुरता. त्यामुळे हे सगळं करताना माझा उजवा पाय ब्रेकवर होता. आणि गणपतीमागचा तो दिवा ब्रेक दाबला की उजळेल, असा जुन्या मालकाने जोडलेला होता! आमच्याकडे निम्म्या गाड्यांतले देव असे ब्रेकवर प्रसन्न होतात. हे मला माहीत होतं. सायन्समुळे आठवलं नाही, एवढंच.

दादा यायला तयार झाले, पण अट घालून. "चक्कर मारून येऊ. पर मी गाडीतून खाली उतरणार न्हाई. सांगून ठेवतो."

निघालो. कॅसेट लावली, स्विच दाबला. बुफर गप्प! दादा खिडकीतून ज्वारी बघताहेत. मी आवाजाचं बटण पिळतोय. तेवढ्यात राजूरच्या अलीकडे स्पीडब्रेकर आला आणि...

धूम्!

दादा सीटवरून उडाले. "काय झालं? टायर गेलं का?"

"न्हाई दादा! पखवाज!"

पुढे म्हैस आडवी. धूम् धूम्! एसटी थांबली. धूम्! गणपती उजळतो, बुफर गरजतो, मागे सुनंदा दर वेळी हात जोडते. मी लाजेने लाल होऊन स्विच बंद करायला हात पुढे केला, तर दादांनी मनगटच धरलं.

"राहू दे! लागून राह्यलं पाठीला, बराबर लागून राह्यलं!" आणि थोड्या वेळाने, रिकाम्या रस्त्यावर, "मार ना ब्रेक!"

"कशासाठी दादा? समोर काहीच नाही!"

"मार म्हणतो ना!"

मारला. धूम्! दादांचे हात खिशातून बाहेर आले आणि डॅशबोर्डवर पडले. "हां! आता सोड. आता मार! अरे जल्दी, सम गेली ना!" भोकरदनपर्यंत मी गाडी चालवत नव्हतो, ब्रेकने साथ करत होतो. मागच्या टेम्पोवाल्याने शेवटी बाजूला येऊन विचारलं, "दारू पेलेत का ओ?"

"अहो, मला मळमळतंय," सुनंदा म्हणाली. पण आरशात पाहिलं तर ती डोळे पुसत होती.

धावड्यात पोचलो तेव्हा मंडपात कीर्तन ऐन रंगात होतं. रस्त्यावरही माणसं बसलेली. म्हणजे हळू चालवा, ब्रेक, धूम्! पुन्हा ब्रेक, धूम्! महाराज थांबले. टाळ थांबले. अख्खा गाव आमच्याकडे बघायला लागला. मला वाटलं, संपलं. दादा आता जन्मात गावाकडे यायचे नाहीत.

गर्दीतून किसनतात्या काठी टेकत आले. खिडकीतून हात आत घालून त्यांनी दादांच्या छातीवर ठेवला आणि नुसती मान हलवली. चल.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग दार उघडलं आणि उतरले!

साथीला बसलेल्या पोराने आपला पखवाज पुढे केला. पण तो मांडीवर घेऊन दादा नेहमीच्या जागी बसले नाहीत. मंडपाच्या कोपऱ्यातला मोठा स्पीकर (ज्याच्याजवळ कुणी पोरगंही फिरकत नव्हतं) त्याला पाठ घट्ट टेकवून बसले. महाराजांनी मुद्दाम सावकाश धरलं. दादांनी डोळे मिटले. पहिली थाप जरा उशिरा पडली. दुसरी बरोबर. तिसऱ्या थापेला टाळ मिळाले आणि मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो.

अभंग संपला. सगळे शांत बसले होते. दादांनी किसनतात्यांच्या कानात हळूच काहीतरी सांगितलं. पण बहिऱ्या माणसाचं हळू! शेवटच्या रांगेतल्या आजीपर्यंत स्वच्छ पोचलं.

"पोरानंच आणलं मला. लई गुणाचं आहे. वायरिंग येत न्हाई, गाडी तर बिलकुल येत न्हाई... पर थांबतंय तालात!"