जबल दुखानची लेणी

बहरीनमध्ये डोंगर म्हणायला एकच, जबल दुखान. धुराचा डोंगर. आमच्या तालुक्यात एवढ्या उंचवट्याला कुणी टेकडीसुद्धा म्हणणार नाही, पण चहूकडे सपाट वाळवंट असल्यावर तोच बघायला लोक गाड्या काढून जातात. लग्नानंतर दीड वर्षाने बायको तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आली, तेव्हा पहिल्या सुट्टीला मी तिला तिथंच न्यायचं ठरवलं. सोन्याचा बाजार नाही, समुद्रावरचा पूल नाही, डोंगर. तिला वाटलं, नवरा निसर्गप्रेमी निघाला.

खरं कारण वेगळं होतं. झिंज भागातल्या आमच्या खोलीत दर शुक्रवारी आम्ही पंधरा-वीस जण जमायचो. बुद्धवंदना व्हायची, मग चहा आणि वाद. तिथं एकाने सांगितलं की जबल दुखानच्या आसपास खडकात गुहा आहेत आणि एकीत बसायला दगडी ओटा आहे. खडकात गुहा, गुहेत ओटा. आमच्या माणसाच्या डोक्यात दुसरं काय येणार? हे भिक्खूंचं लेणं. आपल्या किनाऱ्यावरून गलबतं इकडे येत होती, त्यातून भिक्खू आले नसतील कशावरून? मी त्याच आठवड्यात गावाकडच्या एका मासिकाला पत्र टाकलं. संपादकांचं उत्तर आलं: जयंती विशेषांकात दोन पानं राखून ठेवतो, फोटो काढून लेख पाठवा, तुमच्या नावाने छापू.

माझ्या नावाने. गावाकडे सात वर्षं मी पत्रकं लिहिली. मोर्चाची, शिष्यवृत्तीची, पाणवठ्याची. मजकूर माझा आणि खाली मंडळाचं नाव. चळवळीत नावाला किंमत नसते असं मी इतरांना तावातावाने सांगायचो, पण ती दोन पानं मला हवी होती. निघायच्या आदल्या दिवशी बायकोला हे सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बघू तर आधी."

शेजारी रत्नागिरीकडचा एक जण राहायचा, फरशीच्या दुकानात कारकून. त्याने आपली जुनी गाडी काढली. रिफा गाव मागे पडलं आणि रस्त्याच्या कडेने तेलाचे पाइप सुरू झाले. माळावर ठिकठिकाणी पंप वर-खाली माना हलवत होते. बायकोचे प्रश्न थांबेनात. पाइप जमिनीत का नाही पुरले? हात लावला तर भाजेल का? या पंपांना रात्री बंद करतात का?

"वहिनी, त्या पंपांना काय विचारू नका," शेजारी म्हणाला, "ते सगळ्याला हो म्हणतात. आमच्या दुकानात असलाच एक मॅनेजर हाय."

डोंगराच्या पायथ्याशी उतरलो. हिवाळा होता, ऊन बोचत नव्हतं. जवळच एका बहरीनी कुटुंबाने तंबू ठोकला होता. त्यातल्या म्हाताऱ्याने आम्हाला बोलावून छोट्या पेल्यांतून कॉफी दिली. शेजाऱ्याने मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं, या गुहा कुणी केल्या? म्हातारा हात हलवत म्हणाला, "हवा, हवा." हे कळायला दुभाषा लागत नाही. पण मी मनात म्हटलं, स्थानिकाला विचारून इतिहास ठरत नसतो. आमच्याकडेही म्हातारे काहीही सांगतात.

मी गुहांकडे झपाझप चालत सुटलो आणि ही मागे. दर दहा पावलांवर वाकायची. एकदा हाक मारून तिने मला एक दगड दाखवला. त्यात शिंपला रुतलेला होता, रेघानरेघ दिसत होती.

"इथं समुद्र होता, अहो. एवढ्या वर."

"असेल. लवकर चल, उजेड चांगला आहे तोवर फोटो काढायचेत."

पहिली गुहा कोंडवाड्यासारखी, शेळ्यांच्या लेंड्यांनी भरलेली. दुसरीत कुणीतरी चूल मांडल्याने छत काळं झालेलं. तिसऱ्या गुहेत मात्र ओटा होता. भिंतीत कोनाड्यासारखी खोलगट जागाही होती.  मी पटापट आठ फोटो काढले. शेजाऱ्याला मापासाठी ओट्याजवळ उभा केला. "भाऊ, मला पण भिक्खू करून टाकला काय," म्हणत तो हसरा चेहरा करून उभा राहिला.

बायको भिंतीला हात लावून आत फिरत होती. सांगायला हवं की तिचे वडील बांधकाम खात्यात मैलाचे दगड घडवायचे. शाळेच्या सुट्टीत ती त्यांच्या छिन्नी-टाक्यांना धार लावून आणायची, घडवलेल्या दगडाला हात फिरवून खडबड कुठं राहिली ते सांगायची. तिने कोनाड्यात बोटं घातली, ओट्यावर तळवा फिरवला, खाली बसून कोपरे चाचपले.

"इथं टाकी लागलेली नाही," ती म्हणाली.

"दोन हजार वर्षांत घाव झिजणारच ना."

"बाहेरचे झिजतील. आत कोपऱ्यात राहतात. इथं कोपराच नाही, सगळं गोल आहे. माणूस दगड फोडतो तेव्हा कुठंतरी सरळ रेघ मारतोच. आणि हा ओटा बघा, पुढे उतरता आहे. भिक्खू झोपला असता तर गडगडत खाली आला असता."

शेजारी हसला. मला हसू आलं नाही. मी ऐकवलं की तू काही पुरातत्त्वाची प्राध्यापक नाहीस, आपला इतिहास आधीच सगळ्यांनी गाडलाय, आता घरचेही माती लोटायला लागले. आवाज गुहेत घुमला. तिने हातावरची धूळ झटकली. मग म्हणाली, "'पुरावा दाखवा, नाहीतर पाटी काढा.' हे कुणी लिहिलं होतं?"

मीच. आमच्या तालुक्यातल्या लेण्यांना लोक पांडवांची लेणी म्हणतात. पांडवांनी एका रात्रीत कोरली म्हणे. लेण्यात स्तूप उभा असताना बाहेर पाटी पांडवांची. त्या संतापात मी ते पत्रक काढलं होतं आणि तिने ते लग्नाच्या आधी वाचलं होतं. आता मी दुसऱ्याच्या देशातल्या, वाऱ्याने पोखरलेल्या दगडाला आमची पाटी लावायला निघालो होतो. फरक एवढाच, की ही पाटी माझ्या नावाने लागणार होती.

 परतताना शेजारी मधेच "खलास, आता सनाबिसला भजी खाऊ" म्हणाला, आम्ही खाल्ली.

संपादकांना लिहिलं की गुहा नैसर्गिक आहेत, लेख पाठवत नाही. त्यांचं उत्तर आलं: हरकत नाही, 'लेणीसदृश' असं लिहा, फोटो द्या. बहरीनला जाऊन कोण तपासतंय? दोन दिवस मी चिडून होतो. तिसऱ्या दिवशी चक्क लिहायला बसलो, पान भरलं. 'लेणीसदृश' या शब्दातलं 'सदृश' कुणी वाचणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. बायको बाजूला बसून तांदूळ निवडत होती. ती खडे वेचत राहिली, आणि तिने काही म्हणावं म्हणून मी तीनदा खाकरलो. शेवटी ते पान फाडलं आणि संपादकांना दोन ओळींचा नकार टाकला. विशेषांक आला तेव्हा त्या दोन पानांवर शुभेच्छांच्या जाहिराती होत्या.

शुक्रवारच्या बैठकीत लेख वाचून दाखवायचं मी कबूल केलं होतं. उभा राहून सांगितलं, तिथं लेणं नाही.  आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे, वीस वर्षं इथं वेल्डिंग करणारे, म्हणाले, "कशावरून?"

"ही सांगेल," मी म्हणालो.

ती पदराला हात पुसत दारात आली आणि टाकीचा घाव हाताला कसा लागतो ते सांगू लागली. पाच मिनिटांनी सगळे प्रश्न विचारायला लागले.  मग वेल्डरकाका हळूच म्हणाले, "म्हणजे आपलं इथं काहीच नाही, पोरी."

"लेणं नाही, काका. शिंपले आहेत, डोंगरावर. समुद्र केवढा होता ते कळतं."

"डोंगरावर शिंपले?"

"हो ना. दाखवते, चला."

पुढच्या शुक्रवारी दोन गाड्या निघाल्या. मी मागच्या गाडीत, डब्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन.