हिंगणीवरून गेलेलं मुकं विमान

हिंगणीजवळ मामाचं शेत आहे, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाला अगदी लागून. सिंदी गावातलं दुकान मुलावर सोपवल्यापासून मामा बहुतेक तिथंच असतो. आमच्या कंपनीच्या नव्या विमानाचा आवाज जमिनीवरून मोजायला शांत जागा हवी होती, तेव्हा मीच ते शेत सुचवलं.

विमान लहान, जवळच्या शहरांमधल्या प्रवासाचं. त्याच्या प्रत्येक पंख्यामागे तेलावरचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही जोडलेली. उडताना दोन्ही मिळून जोर लावतात. शेतावरून जाताना मात्र इंजिन मंद करून सगळा भार मोटरवर टाकायचा होता.

सकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, माईक लावून मी खुर्ची टाकून वाट बघत होते. आधी सावली आली. तुरीवरून सरकत गेली, आणि मग वर विमान दिसलं, बरंच खाली. नुसता हवा कापल्याचा सूं-सूं आवाज. त्याच क्षणी सागावरची वानरं खॉक-खॉक करू लागली. वाघ-बिबट दिसला की ती अशी ओरडतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मामानं चहा खाली ठेवला आणि जंगलाकडे पाहिलं. वर पाहिलंच नाही.

प्रत्येक फेरीला तेच झालं. दुपारनंतर मात्र ओरडणं कमी होत गेलं. शेवटच्या फेरीत सावली अंगावरून गेली तरी वानरं शेंगा खात बसली. ध्वनिमुद्रण स्वच्छ मिळालं म्हणून मी खूश होते. मामा वानरांकडे बघत होता.

"आता खरा वाघ आला तं हे सांगतीन का आपल्याले?" तो म्हणाला.

जनावरांना फरक कळतो, असं मी सांगितलं.

उन्हं उतरल्यावर सामान घेऊन निघालो. ओलिताच्या मातीत सकाळच्या आमच्या चाकांच्या खुणा होत्या, आणि त्यांच्यावर मोठाले पंजे. एका पंजात अजून पाणी झिरपत होतं. माग माझ्या खुर्चीच्या मागून तुरीत गेला होता. एकही वानर ओरडलं नव्हतं.

"गाडीत बस," मामा हळू म्हणाला. "मांगं पाहू नको."

मी विनंती केल्यावर कंपनीनं चाचणीचा मार्ग माळरानाकडे वळवला. परवा फोनवर मामाला विचारलं, वाघ दिसला की वानरं पुन्हा ओरडतात का. मामा म्हणाला, नाई. मग म्हणाला, आता मी जंगलाकडे पाठ करून जेवायले बसत नाई.