अळवाच्या जागी लावलेलं रुबार्ब

अमेरिकेत, शॉमबर्गच्या आमच्या घरामागे नुसता चिखल. तळघरात साठलेलं पाणी पंप मागच्या कोपऱ्यात ओकायचा आणि ती मेली चिकणमाती ते जिरवायची नाही. नेमकी तीच जागा सासूबाईंनी हेरली.

सासरे गेल्यावर आम्ही त्यांना रत्नागिरीहून आणलं होतं. तिकडे त्यांना बघणारं कुणी उरलं नव्हतं. इथे त्या दिवसभर खिडकीशी बसायच्या, धड जेवायच्या नाहीत आणि येताजाता म्हणायच्या, "मला परत पाठवा." ह्यांचं उत्तर ठरलेलं, "आई, डोन्ट वरी, बघू." बघू म्हणून हे ऑफिसला पळायचे. बघायला मी!

एप्रिलात शेजारच्या अमेरिकन म्हातारीने तिच्या रुबार्बचा, म्हणजे तिकडच्या एका आंबट देठांच्या भाजीचा, एक गड्डा लावायला दिला, चाखायला एक लाल देठही. सासूबाईंनी देठ चावला आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. "अगो, हा तर आपला आंबट चुका! ह्याची भाजी खाईन आणि मगच जाईन." पहिलं वर्ष देठ तोडायचे नसतात, असं शेजारीण म्हणाली होती. म्हणजे वर्ष मिळालं. मी देव पाण्यात घालून बसले.

"उंच वाफा करा, पाणी साचलं की कुजतं," हेही तिने बजावलं होतं. मी तसं सांगितलं.

"मला शिकवतेस? तिच्याकडची पानं बघ, अळवाचीच जात ही. अळू मोरीच्या पाण्यावर पोसतं. जन्म गेला माझा," म्हणत त्यांनी गड्डा मागच्या चिखलातच पुरला.

ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. "लेट हर डू इट, यार." यार म्हणे! जागा बदलू म्हटलं की सासूबाई ताटावरून उठायच्या. वर तांदूळ धुतलेलं पाणी रोज नेऊन ओतायच्या.

तीन पानं आली, पिवळी पडली. एका सकाळी त्यांनी पान उचललं तर देठ बुडातून सुटून हातात आला. त्यांनी हातांनीच उकरलं. गड्डा काळा, गिळगिळीत, नासक्या बटाट्यासारखा घाण वास. त्या तिथेच चिखलात बसल्या.

"आई, दुसरा मागून आणते."

"नको गो. पुरे झालं. तिकीट काढा."

मी त्यांना नळाशी आणलं, त्यांची बोटं चोळून धुवायला लागले. माझा संयम सुटला. "तिकडे कोण आहे हो तुमचं?"

"आणि इथे कोण आहे?" त्या म्हणाल्या.

त्यांचे हात माझ्याच हातांत होते. मला रडू फुटलं. त्यांनी हात सोडवून घेतले आणि पदराला पुसले.