पाण्याखालचा मुक्काम

साखराबाईचं निम्मं आयुष्य पालात गेलं. नवऱ्याबरोबर, म्हणजे मुंजाजीबरोबर, ती मेंढरं घेऊन गावोगाव हिंडली. पण जीव जडला तो माजलगाव धरणाच्या काठावरच्या एकाच जागेवर. उन्हाळ्यात पाणी हटलं की तिथं कोवळं गवत उगवायचं. त्यांची एकुलती लेक योगिता तिथंच पालात जन्मली होती.

मुंजाजी गेला, मेंढरं विकली आणि साखराबाई वडवणीला लेकीकडं राहायला आली. सिमेंटच्या घरात सुख होतं, पण पंख्याखाली तिचा डोळा लागेना. शेवटी दिवाळीत योगिताच म्हणाली, "आई, चल, तुझ्या जागंवर जाऊन येऊ." साखराबाईनं जुनं पाल झटकून सोबत घेतलं.

दोघी पोचल्या तेव्हा धरण तुडुंब भरलेलं होतं. साखराबाई काठावर थबकलीच. या दिवसांत ती इथं कधी आली नव्हती.

"मी कुठं जल्मले मग?" योगितानं विचारलं.

"त्यो बगळा उडाला न्हाई का, तितं. लई खाली हाय आता."

दोघींनी वरच्या उतारावर पाल ठोकलं. वारा आत शिरला आणि साखराबाई बोलता बोलता गाढ झोपली. ऊन उतरल्यावर योगितानं हळूच हलवलं. "आई, एसटी जाईल."

"तू जा माय. पाणी हटंपतोर मी बसते हितंच," ती म्हणाली आणि आपल्याच बोलण्यावर हसली. डोळे मात्र भरून आले होते.

योगितानं एसटी जाऊ दिली. पालाच्या दोऱ्या न सोडता ती आईजवळ बसून राहिली.