पिस्टनवरचा काळा थर

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवाजवळ नाही — देवाजवळ तर मुळीच नाही, तिथे मी नारळ फोडतो आणि पळतो. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगतोय. ओळखत असता तर सांगितलं असतं का? नसतं. मी तेवढा भित्रा आहे.

बल्लारपुरात माझं दुचाक्यांचं गॅरेज आहे. इंजिनाच्या कामात माझा हात कुणी धरू शकत नाही असं लोक म्हणायचे — म्हणजे मीच म्हणायचो, लोक नुसती मान डोलवायचे. देविदास माझा जुना मित्र, कुरखेड्याकडचा, धानाची शेती करणारा. त्याच्याकडे एक जुनी टू-स्ट्रोक गाडी होती, वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागणारी. त्यांच्या गावात दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तेव्हा कापणी झालेल्या बांध्यांमधून — धानाच्या खाचरांमधून — गाड्यांची शर्यत लागते. नऊ वर्षांपूर्वी त्याला ती जिंकायची होती. "साधाच पिस्टन टाक गड्या, नवा असला म्हंजे झालं," एवढंच तो म्हणाला होता.

साधा? माझ्या हातून साधं कसं होणार! मी त्याला फोर्ज्ड पिस्टनच घ्यायला लावला — दाबून घडवलेला, ओतीव पिस्टनपेक्षा कणखर — आणि तोही अंगावर काळा थर चढवलेला. तो थर म्हणजे कोरडं वंगण. तेल क्षणभर कमी पडलं तरी धातूला धातू घासू देत नाही. नागपूरहून मागवला. डबी उघडली तेव्हा आम्ही दोघं दागिना बघावा तसे बघत बसलो.

पण असा पिस्टन तापला की साध्यापेक्षा जास्त फुगतो. म्हणून सिलिंडरमध्ये त्याच्याभोवती फट जास्त ठेवावी लागते. किती, ते डबीतल्या कागदावर लिहिलं होतं. मी वाचलं? नाही. चंद्रपूरला सिलिंडर बोअर करायला, आतून कोरून घ्यायला नेला आणि सवयीनं नेहमीचा आकडा सांगून मोकळा झालो. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं चष्मा वर करून विचारलं, "हा घडीव हाये न भाऊ? गॅप येवढाच ठेवू का?" चार गिऱ्हाइकं ऐकत उभी होती. मी म्हणालो, "मले नका शिकवू जी." त्यानं मी सांगितलं तसं करून दिलं.

गॅरेजात बसवायला गेलो तर पिस्टन घट्ट. मग कागद वाचला.

आणि इथेच — मनातल्या मनात सांगतानाही दरवेळी इथेच — माझी जीभ अडते. परत चंद्रपूरला जायचं, त्याच म्हाताऱ्यासमोर "चुकलो, अजून थोडं कोरून द्या" म्हणायचं, एवढंच होतं. एका सकाळचं काम. मी गेलो नाही. लाज वाटली. मी पॉलिश पेपर घेतला आणि पिस्टनवरचा तो काळा थर घासून काढला. ज्याच्यासाठी एवढा थाट केला, तोच. पिस्टन आत सरकू लागला. मी शीळ घालत होतो, अजून आठवतं.

मंडईच्या दिवशी सकाळी पेट्रोलमध्ये तेल मिसळलं ते देविदासच्या बायकोनं, वनितावहिनीनं. तो नाव नोंदवायला गेला होता. तिनं मापानं मोजून टाकलं, बरोबर टाकलं. मी शेजारीच उभा होतो. तिसऱ्या फेरीत गाडी भन्नाट सुटली असताना इंजिन जाम झालं आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. क्लच दाबायला त्याला वेळच मिळाला नाही. तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर जाऊन आदळला. उजवा गुडघा गेला तो गेलाच. तो पाय आजही वाकत नाही.

इंजिन मी एकट्यानं उघडलं. जिथे घासलं होतं, तिथेच पिस्टन सिलिंडरला चिकटून खरवडला होता. खालचं बेअरिंग मात्र तेलानं ओलं, नव्यासारखं. तेल कमी असतं तर ते कोरडं पडलं असतं. दवाखान्यात देविदासनं विचारलं, "काऊन झालं गा असं?" आणि मी म्हणालो, "तेल कमी पडलं." ठरवून नाही, नकळत निघालं — असं सांगणार होतो. खोटं आहे. दवाखान्याच्या पायऱ्या चढतानाच मी ते वाक्य जुळवलं होतं.

वहिनी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. देविदासनं तिच्याकडे बघितलं. तेव्हापासून त्या घरात ते बघणंच चालू आहे. धानाच्या रोवणीला ती एकटी चिखलात उतरते. तो धुऱ्यावर बसतो, आणि कुणी पायाचं विचारलं की म्हणतो, "बायकोची मेहरबानी." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, कितीदा तरी. एकदा हसलोही होतो.

आज सांगूनच टाकतो म्हणून कितीदा गाडी काढली! वाटेतल्या आरमोरीपर्यंत जायचो आणि वळायचो. कुणाला सांगू? काय तोंडानं सांगू?

गेल्या महिन्यात मात्र पोचलो. देविदास आत निजला होता. वहिनीनं चहा दिला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "भाऊजी, तुमी तं बाजूलेच उभे होते. मी खरंच कमी टाकलं होतं का जी?"

ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. ती विचारत होती, मी समोर होतो. आणखी काय हवं होतं मला?

मी म्हणालो, "असन वहिनी. घाईत होते आपल्या हातून."

तिनं पातेलं उचललं. मग म्हणाली, "तुमी मनता तं असनच. इतके दिवस मले वाटे का आपण बरोबरच टाकलं होतं."

तिनं पातेल्यातला उरलेला चहा माझ्या कपात ओतला. मी तो प्यालो.